प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाईन!

आमच्या आजोबांचा स्वभाव तसा शांत. पण बांधावरच्या फणसाचा विषय निघाला, की ते चुलतभावावर बोट रोखून गरजत, "तात्या, प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाईन, पण फणस सोडणार नाही!" प्रत्यक्षात आजोबा रत्नागिरीच्या पलीकडे कधी गेले नाहीत. इथली अपिलं लंडनच्या त्या कौन्सिलात जाणं १९४९ साली बंद झालं, ही बातमीही घरात कोणी त्यांच्या कानावर घातली नाही. म्हाताऱ्या माणसाचा आधार कशाला काढून घ्या!

त्यामुळे पन्नासेक वस्तीच्या एका बेटावरची माणसं खरोखरच प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली, असं वाचलं तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो.

बेटाचं नाव पिटकेर्न. पॅसिफिक महासागरात साडेचार चौरस किलोमीटरचा खडक. विमानतळ नाही, जायचं तर बोटीने. १७८९ साली 'बाउंटी' जहाजावर बंड झालं, त्यातले नऊ खलाशी, सहा पॉलिनेशियन पुरुष आणि बारा बायका १७९० मध्ये इथे उतरल्या. इंग्रज आरमाराला पत्ता लागू नये म्हणून त्यांनी जहाजच जाळून टाकलं. मग इतक्या दूर येऊन, एवढ्याशा जागेत, ही मंडळी आपसात भांडली. खून, दारू आणि दुखणी यांतून १८०० सालानंतर मोठ्या पुरुषांपैकी एकटा जॉन अ‍ॅडम्स उरला. भाऊबंदकी ही फक्त कोकणची मिरास, हा माझा अभिमान तिथेच गळाला.

या बेटाला राज्यघटना मिळाली १८३८ साली. 'फ्लाय' जहाजाचा कप्तान रसेल एलियट तिथे आला आणि शंभराच्या आसपास वस्तीला कायदे करून देऊन गेला. दरवर्षी एक मॅजिस्ट्रेट निवडायचा आणि अठरा वर्षांवरच्या सगळ्यांनी मत द्यायचं. सगळ्यांनी म्हणजे बायकांनीसुद्धा! खुद्द इंग्लंडात बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं १९२८ साली. शाळाही सक्तीची, मुलींनाही. हे वाचून आमच्या हिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की जणू त्या नव्वद वर्षांच्या उशिराला मीच जबाबदार होतो.

पण मला खरी मजा वाटली ती त्या जुन्या कायद्यांतल्या बारकाव्यांची. लोहाराच्या शाळेतली सार्वजनिक ऐरण आणि घण नेला, तर काम झाल्यावर जागेवर आणून ठेवावा. हरवल्यास नवा आणावा, वर चार शिलिंग दंड. (आमच्या सोसायटीची शिडी गेली तीन वर्षं कोणाकडे आहे, हे सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही.) आणि मांजर मारल्यास? दहा वर्षांखालच्या मुलाला मार, पंधरापर्यंत पंचवीस डॉलर दंड, कुटुंबप्रमुखाला पन्नास. त्यातला निम्मा दंड चुगली सांगणाऱ्याला बक्षीस! असा कायदा आमच्या आळीत असता तर समोरच्या काकूंनी दोन बंगले बांधले असते.

इथपर्यंत मी हसत होतो. पुढची पानं वाचताना हसू आपोआप थांबलं.

१९९९ साली ब्रिटनहून तात्पुरत्या कामावर आलेल्या एका महिला पोलिसाजवळ बेटावरच्या लहान मुलींच्या छळाची गोष्ट निघाली. चौकशी सुरू झाली तेव्हा असे प्रकार कित्येक वर्षं चालू होते, असं उघड झालं. मांजरासाठी चुगलीला बक्षीस होतं. पोरींसाठी कोणी तोंड उघडलं नव्हतं. उघडणार कसं? आरोपी काका, मामा नाहीतर शेजारी, आणि न्यायनिवाडा करणारेही त्यांतलेच!

शेवटी २००४ साली न्यूझीलंडहून न्यायाधीश आणि वकील बोटीने आले. जुन्या तक्रारदारांपैकी बऱ्याच जणी तोवर बेट सोडून गेल्या होत्या. त्यांनी दुरून, पडद्यावरून साक्षी दिल्या. तुरुंग नव्हता, तो बांधला. त्याला आरोपींचेही हात लागले. "या पुरुषांना आत टाकलंत तर जहाजांकडे होड्या कोण नेणार?" असाही सवाल झाला. तरीही सात जणांपैकी सहा जण दोषी ठरले.

मग सुरू झाली अपिलं. आमच्या पूर्वजांनी जहाज जाळलं तेव्हाच इंग्लंडशी संबंध संपला, असं बचावाचं म्हणणं. शिवाय इंग्लंडचा तो कायदा बेटावर कोणी जाहीर केलाच नव्हता! २००६ साली प्रिव्ही कौन्सिलने अपील फेटाळलं. बेट ब्रिटिश सत्तेखालचंच आणि आपण करतो तो गुन्हा आहे हे त्यांना ठाऊक होतं, असा निकाल. पोरीवर हात टाकू नये, हे कळायला दवंडी लागत नाही.

२०१० साली बेटाला नवी राज्यघटना मिळाली. तिच्यात मूलभूत हक्क लिहिले आहेत, न्यायालयं स्वतंत्र ठेवली आहेत. कायदे मात्र बेटावरच्या कौन्सिलचा सल्ला घेऊन गव्हर्नर करतात, ते बसतात पाच हजार किलोमीटरांवर, वेलिंग्टनला. एवढ्या दुरून राज्य चालवायचं म्हणजे गंमतच, असं आधी वाटलं होतं. आता वाटतं, आपल्यांतल्या आपल्यांत मिटवण्यापेक्षा कधीकधी कोणाचाच नातेवाईक नसलेला माणूस हवा असतो, मग तो पाच हजार किलोमीटरांवरून का येईना.

आमच्याकडेही "घरातलं घरात" ही घटना होतीच, न लिहिलेली. आजोबा निदान फणसासाठी प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जायची भाषा करत. आजी माजघरात फणसाचे गरे सोलत बसलेली असायची. तिच्याही काही तक्रारी असतील. पण "मी अमक्याकडे जाईन" असं ती कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. कुठे जाणार होती?