पिंपळे सौदागरची पाहणी : नकाशा व कुटुंब यांचा मेळ

कुटुंबपाहणीतून मिळालेली आकडेवारी आणि उपग्रहचित्रांवरून मिळणारी भूस्थानिक माहिती एकत्र करून संशोधन करण्याचा प्रघात सामाजिक शास्त्रांत आता रूढ झाला आहे. साधने नवी असली, तरी त्यांमागील प्रश्न जुना आहे. माणसाविषयीची नोंद आणि भूमीविषयीची नोंद परस्परांशी कोणत्या दुव्याने जोडावयाची, हा तो प्रश्न होय. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे झाल्यास, डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची केलेली पाहणी या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य असलेल्या मॅन यांचा हा ग्रंथ मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेत १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मॅन यांना उपलब्ध असलेली सामग्री सरकारी महसूलव्यवस्थेतून निर्माण झाली होती. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात राबविलेल्या मोजणीपद्धतीने शेताला सर्व्हे नंबर मिळाला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती पद्धत स्थिर झाली. पुढे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीचे पत्रक अस्तित्वात आले. या साऱ्याचा हेतू साराआकारणी व हक्कनिश्चिती हा होता. तथापि, नकाशावरील शेत आणि दप्तरातील खातेदार यांना जोडणारा दुवा त्यातून आपोआप तयार झाला.

मॅन यांनी या दुव्याचा उपयोग दोन प्रकारे केला. जुन्या कागदपत्रांच्या आधारे त्यांनी सरासरी धारणक्षेत्राचा क्रम मांडला : १७७१ मध्ये सुमारे ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा एकर आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर. परंतु सात एकर जमीन एका ठिकाणी आहे की दहा ठिकाणी विखुरली आहे, हे सरासरीवरून कळत नाही. ते नकाशावरच दिसते. १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे झालेले होते आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकरापेक्षाही लहान होते. वाटणीने होणारे विभाजन आणि जमिनीचे विखुरणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे यामुळे स्पष्ट झाले.

नकाशाच्या पुढचा टप्पा कुटुंबपाहणीचा. तपासलेल्या १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबांचा निर्वाह जमिनीवर नीट चालत होता. २८ कुटुंबे बाहेरील मजुरीच्या आधाराने सुस्थितीत होती. उरलेल्या ६७ कुटुंबांना स्वतःच्याच राहणीमानाप्रमाणे खर्च भागविणे शक्य नव्हते. केवळ नकाशा पाहणारा अभ्यासक तुकडेबंदी व एकत्रीकरण हाच उपाय सुचवील. मजुरीचे महत्त्व त्याच्या दृष्टीस पडणार नाही. १९४७ च्या मुंबई तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याचा विचार करताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. त्या कायद्याचा विषय जमिनीचा तुकडा हा होता. ज्याच्या नावे तुकडाच नाही, तो शेतमजूर अशा कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतो, कारण नकाशातही त्याला स्थान नसते.

उलट बाजूचा धोकाही कमी नाही. प्रदेशाच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी अनुमान काढणे कसे फसवे ठरते, हे रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवून दिले. उपग्रहचित्रावरील हिरवाई वा रात्रीचा प्रकाश हा परिसराचा गुणधर्म आहे. त्या परिसरातील प्रत्येक कुटुंबाच्या माथी तो मारता येत नाही. शिवाय उत्तरदात्यांची ओळख उघड होऊ नये, म्हणून लोकसंख्या व आरोग्यविषयक पाहण्यांत नमुनास्थानांचे बिंदू हेतुतः सरकवलेले असतात : शहरी भागात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात ५ किलोमीटरपर्यंत आणि काही थोड्या ग्रामीण स्थानांच्या बाबतीत १० किलोमीटरपर्यंत. अशा बिंदूच्या आधारे विहिरीचे वा दवाखान्याचे नेमके अंतर मोजू पाहणे व्यर्थ होय. मॅन यांच्याजवळ एकच गाव होते, पण त्यांचा दुवा शेतापर्यंत पोहोचत होता. आजच्या अभ्यासकाजवळ सारा देश आहे, पण त्याचा दुवा तितकाच सैल झाला आहे.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरात सामावले आहे आणि शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. मॅन यांचे आकडे त्या भूमीविषयी आता काही सांगत नाहीत. नोंदींचा मेळ घालण्यापूर्वी प्रत्येक नोंद कोणी, कशासाठी आणि कोणते एकक धरून केली हे तपासावे, आणि त्या एककात कोण मावत नाही याचा शोध घ्यावा, हा त्यांच्या पाहणीतून निघणारा बोध मात्र आजच्या संशोधकालाही तितकाच लागू आहे.