रंजक, बार आणि कोकणची हवा

‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग आज राजकारणाच्या बातम्यांत रोज भेटतो. तोड्याच्या बंदुकीच्या काळात मात्र तो शब्दशः जिवावर बेतणारा प्रसंग होता.

त्या बंदुकीत दारू दोन ठिकाणी असे. नळीत गोळीमागे ठासलेला तो बार. आणि नळीबाहेर, कानाच्या छिद्राशी, खोलगट प्याल्यात ठेवलेली चिमूटभर बारीक दारू ती रंजक. पेटता तोडा रंजकीला लागे, ज्वाला कानातून आत जाई आणि बार उडे. रंजक बारीक हवी, कारण बारीक कण झटकन पेटतात. मोठ्या तोफेची दारू जाड दाण्याची, कारण तिने सावकाश जळावे. एरवी तोफच फुटण्याचे भय. कानात रंजक गच्च भरली, तर ती वातीसारखी जळत आत जाते आणि तेवढ्या क्षणात नेम ढळतो. आजचा नेमबाज काडतुसासाठी प्रायमर आणि दारू यांची जोडी जुळवताना हेच पाहतो. प्रत्येक वेळी पेट एकसारखा नसेल, तर गोळीचा वेग बदलतो आणि लांबच्या लक्ष्यावर ती वरखाली लागते.

या एकसारखेपणाचा कोकणातला शत्रू म्हणजे दमट हवा. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दारूतला कोळसा ओल धरतो. सोरा नीट शुद्ध केलेला नसेल, तर त्यातले इतर क्षार त्याहून अधिक. रत्नदुर्गासारख्या, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या किल्ल्यावर दारू टिकवणे हे बनवण्याइतकेच अवघड काम असणार.

रामचंद्रपंत अमात्यांना ही अडचण पुरती ठाऊक होती. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात ते बजावतात, की दारूखाना घराजवळ नसावा, आत ओल येऊ देऊ नये, हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू व बाण बाहेर काढून उन्हात द्यावेत आणि पुन्हा मोहोरबंद करावेत. शिवाय रात्रंदिवस पहारा. राजनीतीच्या ग्रंथात दारू वाळवण्याचे वेळापत्रक! मला तरी त्यातले हेच पान सर्वांत जिवंत वाटते.

ओलीइतकीच आगीची धास्ती का, हे चाळीस वर्षांनी हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गावर दिसले. १७५५ च्या एप्रिलमध्ये तुळाजी आंग्र्यांच्या या जलदुर्गावर इंग्रजांच्या कमोडोर विल्यम जेम्सने मारा केला. दुर्दैव असे, की पेशव्यांचे सैन्य त्याच्याच बाजूला होते. एका गोळ्याने किल्ल्यातले शाकारलेले छप्पर पेटले, आग दारूखान्यापर्यंत पोहोचली आणि स्फोट झाला. तटबंदी भक्कम होती, तरीही किल्ला पडला.

रंजकीचे युग संपवले ते एका स्कॉटिश पाद्र्याने. रेव्हरंड अलेक्झांडर फोर्सिथ बदकांच्या शिकारीला जाई. रंजकीचा भडका पाहून पक्षी आधीच उडत. आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाची युक्ती त्याने काढली आणि १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे तिच्यातूनच तांब्याची टोपी आली आणि नंतर काडतुसाच्या बुडातला प्रायमर. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला.

कोकणातल्या वाड्यांत शेतीरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून आहेत. रानडुकरे आणि वानरे हाकायला. त्यांत रंजकीच्या जागी टोपी आली, पण नळीत ठासली जाते ती काळी दारूच, आणि पावसाळ्यात ती कोरडी राखण्याचा खटाटोपही तोच.