झटक्यानंतरचा दुसरा प्रश्न : खान्देशच्या सरकारी हृदयसेवेची वाटचाल

खान्देशातलं पहिलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय धुळ्यात उभं राहिलं, भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचं. जळगावला मात्र २०१८ पर्यंत वाट पाहावी लागली. तिथल्या सिव्हिल रुग्णालयालाच जोडून १०० जागांचं शासकीय महाविद्यालय सुरू झालं.

हृदयरोग्यासाठी मोठं वळण त्याआधीच आलं होतं. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होता. जळगावला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, उरलेल्या महाराष्ट्राबरोबर मिळाली. पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर अँजिओप्लास्टी होऊ लागली. शेत गहाण टाकल्याशिवाय हृदयाचा उपचार होतो, ही गोष्ट साक्री-शिरपूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला नवी होती. २०१४ च्या जानेवारीत १०८ ची रुग्णवाहिका आली. पुढं जीवनदायी योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं.

इथवरच्या सगळ्या वाटचालीचा रोख एका प्रश्नावर होता : जीव वाचेल का? आता दुसरा प्रश्न पुढं आहे. वाचलेल्या माणसाचं हृदय कितपत सावरेल?

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाचा काही स्नायू मरतो. काही मात्र जिवंत असूनही आकुंचन पावत नाही. त्यातला काही नुसता बधिर झालेला असतो. रक्तपुरवठा सुरू झाला की दिवसांत किंवा आठवड्यांत तो आपोआप हलू लागतो. दुसरा, रक्त कमी पडतं म्हणून काम थांबवून पडून राहिलेला, सुप्त. ही सुप्त स्नायूची कल्पना १९८० च्या दशकात ठामपणे मांडली ती मुंबईत जन्मलेले हृदयरोगतज्ज्ञ शहाबुद्दीन रहिमतुला यांनी. साध्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मेलेला आणि सुप्त स्नायू सारखेच निश्चल दिसतात. म्हणून हृदयावर मुद्दाम ताण द्यायचा. शिरेतून डोब्युटामिन हे औषध थोड्या मात्रेत सोडलं आणि निपचित भाग हलू लागला, तर तो जिवंत आहे. मात्रा वाढवल्यावर तोच भाग पुन्हा मंदावला, तर त्याला रक्त अपुरं पडतंय. तिथला रक्तपुरवठा सुधारला तर तो भाग सावरण्याची आशा सर्वांत जास्त.

पट्ट्यावर चालण्याची चाचणी, म्हणजे टीएमटी, वेगळी गोष्ट सांगते : पुढचा धोका. १९७९ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ तेरू आणि सहकाऱ्यांनी झटक्यातून वाचलेल्या २१० रुग्णांना घरी सोडण्याआधी मर्यादित चालवून पाहिलं. चालताना ज्यांच्या ईसीजीत बदल झाले, त्यांच्यातले २७ टक्के वर्षभरात दगावले. बाकीच्यांत ते प्रमाण जेमतेम २ टक्के होतं. तो काळ अँजिओप्लास्टी रूढ होण्यापूर्वीचा, आज धोका बराच कमी आहे. तरी किती चालता आलं, रक्तदाब कसा चढला, थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरली, हे आजही बोलकं आहे. अर्थात पहिल्या दोन दिवसांत, छातीत दुखत असताना किंवा धाप आवरत नसताना ही चाचणी करायची नसते.

जिवंत स्नायू सापडला म्हणून स्टेंट घालायलाच हवा, असंही नाही. २०२२ च्या रिव्हाइव्हड अभ्यासात, पंपिंग फार कमी असलेल्या रुग्णांना औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी देऊनही मृत्यू वा हृदय निकामी होऊन दाखल व्हावं लागणं कमी झालं नाही. औषधं नेटानं घेणं हा पाया आहे.

माझं मत स्पष्ट आहे. ताणचाचणीला अँजिओप्लास्टीच्या कॅथलॅबएवढा खर्च लागत नाही. लागतं ते इको यंत्र, पट्टा, हाताशी आपत्कालीन सोय आणि वाचणारा अनुभवी डोळा. रावेर-यावलच्या रुग्णाला त्यासाठी नाशिक-मुंबई गाठायला लावू नये. धुळे-जळगावच्या महाविद्यालयांनी ही तपासणी झटक्यानंतरच्या पाठपुराव्याचा नेहमीचा भाग करावी.

वाचकांना एकच विनंती. डिस्चार्ज कार्डावर ‘ईएफ ३५ टक्के’ दिसलं म्हणजे हृदय ३५ टक्केच उरलं, असा अर्थ काढू नका. ईएफ म्हणजे दर ठोक्याला हृदय आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते; निरोगी माणसाचं ईएफही ५५ ते ७० टक्केच असतं. झटक्यानंतर लगेच आलेला आकडा शेवटचा नसतो. साधारण तीन महिन्यांनी इको पुन्हा करायचा असतो. त्याची तारीख, आणि ताणचाचणी लागणार का याचं उत्तर, घरी निघण्याआधीच डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या.