सोलापूरच्या एका घराने जपलेली भारत-चीन मैत्री

सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं जुनं घर आज स्मारक आणि संग्रहालय आहे. पण एका डॉक्टरच्या घराचा परराष्ट्र संबंधांशी काय संबंध?

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चिनी सेनानी झू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. भारत तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. तरीही सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना, १९३८ मध्ये, काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. कोटणीस त्यातले एक.

बाकीचे मायदेशी परतले, कोटणीस मात्र तिथेच राहिले. चिनी भाषा शिकले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. मुलगा तेव्हा काही महिन्यांचाच होता.

पुढे १९६२ मध्ये भारत आणि चीन एकमेकांशी लढले. तरी कोटणीसांचं नाव चीन विसरला नाही. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष हू जिंताव मुंबईत आले, तेव्हा ते कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटले. सरकारांचे करार मोडतात; एका डॉक्टरने कमावलेला विश्वास मात्र टिकला.