तंबू, ताडपत्री आणि आतले पाणी

पाठीवर सामान घेऊन आठ-दहा दिवस डोंगरात चालायचे असेल, तर रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न शेवटी वजनापाशी येतो. चारी बाजूंनी बंद असा तंबू न्यायचा, की दोन झाडांना दोरी बांधून तीवर टाकायची हलकी ताडपत्री? हा हौशी भटक्यांच्या आवडीनिवडीचा वाद समजला जातो. त्याचा इतिहास पाहिला, तर मात्र मुळाशी बाष्पाचे आणि संघननाचे अगदी शालेय भौतिकशास्त्र सापडते.

१८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये नॅफ्थ्यात विरघळवलेल्या रबराचा थर देऊन जलाभेद्य कापड तयार केले व त्याचे पेटंट घेतले. (त्याआधी डांबर फासलेला कॅनव्हास होताच. 'टारपॉलिन'मधला 'टार' म्हणजे डांबर, आणि हिंदीतले 'तिरपाल' हा त्याच शब्दाचा अपभ्रंश.) आता पाऊस बाहेर ठेवण्याचा प्रश्न कायमचा सुटला, असे कोणालाही वाटेल. पण १८६०च्या दशकात आल्प्समध्ये चढाया करणाऱ्या एडवर्ड व्हिम्परने स्वतःचा तंबू बेतला, तेव्हा मॅकिंटॉशचे कापड त्याने खाली अंथरले आणि कडेने थोडे वर घेतले, एवढेच. छत ठेवले जाडसर सुती कापडाचे! तरीही तंबूचे वजन सुमारे दहा किलो भरे.

छताला रबरी कापड का नाही? झोपलेला माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे एका रात्रीत साधारण पाव लिटर पाणी बाहेर टाकतो. दोघे असतील तर अर्धा लिटर. हे बाष्प जलाभेद्य कापडातून जाऊ शकत नाही. त्यातच निरभ्र रात्री कापड आकाशाकडे उष्णता प्रारित करते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. त्याचे तापमान दवबिंदूखाली गेले की आतल्या बाजूने थेंब धरू लागतात. सकाळी लोक म्हणतात, तंबू गळला. तो गळलेला नसतो. पाणी आपलेच असते. वर्गात बर्फाच्या पाण्याचा पेला ठेवून हे दाखवता येते, आणि पेला पाझरतो असे म्हणणारा एखादा विद्यार्थी हमखास निघतो.

यावर एक उपाय म्हणजे दुहेरी तंबू. आतले कापड बाष्प जाऊ देणारे, बाहेरचे जलाभेद्य, मध्ये हवेची पोकळी. थेंब बाहेरच्या कापडावर जमतात व झोपणाऱ्याच्या अंगावर पडत नाहीत. किंमत वजनात मोजायची. दुसरा उपाय ताडपत्रीचा: हवा कोंडूच द्यायची नाही.

१९५५ साली अमेरिकेत एमा गेटवूड या ६७ वर्षांच्या, अकरा मुलांच्या आईने अपालाचियन वाट एकटीने पायी पूर्ण केली. सुमारे ३३०० किलोमीटर. एका हंगामात ती एकटीने चालणारी ती पहिली स्त्री. तंबू नव्हता, घरी शिवलेल्या पिशवीत एक घोंगडी आणि न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा होता. ही गोष्ट सांगताना एक तपशील बहुतेक जण गाळतात, तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्या वाटेवर ठिकठिकाणी तीन भिंतींचे, पुढून उघडे असे लाकडी निवारे आहेत. पडद्याच्या पाठीशी ते होते, आणि वाटेतल्या लोकांची ओसरीही.

ताडपत्रीचा पुरस्कार विचारपूर्वक केला तो रे जार्डिनने. विमानशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या या गिर्यारोहकाने पॅसिफिक क्रेस्ट वाटेवरील आपल्या अनुभवांवर १९९२ साली पुस्तक लिहिले. अन्न, पाणी व इंधन वगळता पहिल्या वेळी त्याच्या पाठीवर २५ पौंड होते. तिसऱ्या वेळी ९ पौंडांहून कमी, असे तो सांगतो.

विद्यार्थ्यांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकाने मात्र हे आकडे पाहून हुरळून जाऊ नये. उघड्या कड्यावर, झाडांच्या सीमेच्या वर, तिरपा पाऊस ताडपत्रीखाली सहज शिरतो. पिसांची स्लीपिंग बॅग भिजली की तिच्यात अडकलेली हवा जाते आणि तिच्याबरोबर उष्णतारोधही. शून्याच्या बऱ्याच वर, पाच-दहा अंशांतही, ओला माणूस वाऱ्यात गारठून दगावू शकतो. तिथे तंबूचे दीड किलो जास्तीचे वाटू नयेत. उलट झाडीत, वारा अडलेल्या जागी, ताडपत्रीखालची रात्र पुष्कळदा तंबूपेक्षा कोरडी जाते. वरच्या फांद्यांमुळे आकाशाकडे होणारे प्रारण घटते आणि दवही कमी पडते.

जार्डिननेही पुढे ताडपत्रीच्या टोकांना चोचीसारखी झडप जोडली, आणि डासांसाठी तिच्याखाली जाळीची खोली टांगली.