काळी फीत

चावी, पगार आणि बटाटा यांच्याप्रमाणेच ‘फीत’ हा शब्दही मराठीला पोर्तुगिजांकडून मिळाला. मूळ शब्द ‘फिता’, अर्थ कापडाची अरुंद पट्टी. पुढे ती चित्रफीत-ध्वनिफितीत शिरली, उद्घाटनात कापली गेली आणि लालफितीत सरकारी कागद अडकले.

शोकाची काळी फीतही युरोपचीच. तिकडे शोकाचा रंग काळा; ज्यांना पूर्ण काळा पोशाख शक्य नसे ते, विशेषतः गणवेशातले सैनिक, दंडावर काळी पट्टी बांधत. पारंपरिक हिंदू सुतकात अशी फीत नाही, शोकाचा रंगही पांढरा. त्यामुळे महाराष्ट्रात ‘काळ्या फिती लावून काम’ म्हटले की आधी निषेधच आठवतो. कोणी वारले असेल असे सहसा मनात येत नाही. दोन्ही अर्थ क्वचितच इतके नेमके जुळले असतील जितके 2003च्या क्रिकेट विश्वचषकात हरारे येथे जुळले: झिम्बाब्वेचे खेळाडू अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा यांनी आपल्या देशातील लोकशाहीच्या मृत्यूचा शोक म्हणून काळ्या फिती बांधल्या. तो शोकही होता आणि आरोपही.

काळ्याखेरीज इतर रंगांच्या फितीही बोलतात. छातीवर टाचायची, वळसा घातलेली लाल फीत 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या कलावंतांनी एड्सग्रस्तांसाठी योजली. आखाती युद्धातल्या सैनिकांसाठी अमेरिकेत बांधल्या जाणाऱ्या पिवळ्या फिती या कलावंतांसमोर होत्या. पिवळी फीत तिथे परतीची वाट पाहण्याची खूण. दक्षिण कोरियात 2014च्या सेवोल जहाज दुर्घटनेनंतर तीच बुडालेल्यांच्या स्मरणाची झाली.