पडद्यावरचा रस्ता

परवा पुतण्या कुरकुरत होता, "काका, ह्या गेममध्ये फ्रेम्स पडतात. नवीन ग्राफिक्स कार्ड हवं." मी आर्ट्सवाला, त्यात सरकारी कारकून, पण हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं.

1999 च्या सुमारास फोंड्याला मित्राकडे आम्ही 'नीड फॉर स्पीड 2 एसई' खेळायचो. गेम 1997 चा. सगळं कमीवर ठेवलं तरी वळणावर गाडी अडखळायची आणि लांबचे डोंगर एकदम समोर उगवायचे. त्याच्याकडे व्हूडू कार्ड नव्हतं, त्यामुळे गाडीचा हिशेब आणि चित्राची रंगरंगोटी दोन्ही बिचाऱ्या प्रोसेसरच्या गळ्यात.

मुळात पडद्यावर रस्ता येतो कुठून? 1982 च्या नामकोच्या 'पोल पोझिशन'मध्ये रस्ता अस्सल नव्हताच. चित्र आडव्या रेघांचं बनतं. एकेक रेघ थोडी डावी-उजवीकडे सरकवली की वळण तयार! 1986 च्या सेगाच्या 'आउट रन'मध्ये माडासारखी झाडं भराभर अंगावर येतात, तीही सपाट चित्रंच, जवळ येताना मोठी केलेली. आपल्या जत्रेतल्या नाटकाचा रंगवलेला पडदा आठवा. मागे काही नाही, पण समोरून बघणाऱ्याला जंगल दिसतं. आणि हलायचं किती सफाईदार!

मग 1992 मध्ये सेगाचाच 'व्हर्च्युआ रेसिंग' आला. कागदाच्या घड्या घालून केल्यासारख्या गाड्या, एकरंगी डोंगर. दिसायला 'आउट रन'पेक्षा गरीबच म्हणा. पण बटण दाबलं की तोच रस्ता चार जागांवरून बघता यायचा, कारण तो आता आकड्यांत खरोखर अस्तित्वात होता. किंमतही तिथेच मोजावी लागली: प्रत्येक वस्तूचा प्रत्येक कोपरा दर फ्रेमला नव्याने मोजायचा. सेकंदाला तीसेक चित्रांवर भागवावं लागलं.

1993 च्या 'रिज रेसर'ने त्या आकारांवर चित्रांचं कातडं चढवलं आणि साठ चित्रंही गाठली, पण ती आर्केडमधल्या महागड्या यंत्रावर. 1994 च्या डिसेंबरात तो प्लेस्टेशनवर घरी आला तेव्हा पुन्हा तीस. पुढे 1998 मध्ये नामकोने 'रिज रेसर टाइप 4' सोबत जुन्या गेमची साठ चित्रांची आवृत्ती दिली खरी, पण प्रतिस्पर्धी गाड्या बऱ्याच कमी करून. गर्दी हवी तर वेग सोडा, वेग हवा तर गर्दी! हे वाचल्यावर फोंड्यातल्या त्या संगणकाला घातलेल्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

व्हूडूवाल्या थ्रीडीएफएक्स कंपनीचा कारभार पुढे एनव्हिडियाने घेतला, 2000 च्या डिसेंबरात तसा सौदा ठरला. कधीकाळी ते कार्ड घ्यायचं म्हणून आम्ही पैसे साठवायला लागलो होतो, ते पैसे मात्र गणपतीतच संपले.

पुतण्याला सावल्या आणि लांबचा तपशील कमी करायला लावला. तोंड वाकडं करून त्याने केलं. गाडी आता न अडखळता पळते, डोंगर तेवढे थोडे उशिरा उगवतात.